पदरचे पैसे देऊन सोनोग्राफी करावी काय?

(एनस्खेडे येथे मराठी कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दांकन)



आजचा विषय मी शोधलेला नाही. तो माझ्या दारी आला. येथील ट्वेंटे विद्यापीठात कुणाचे यजमान संशोधन करतात, कुणी स्वतः शिकवते. अशा घरांतल्या मुलींना पहिल्यांदा दिवस राहतात, तेव्हा आई आणि सासू दोघीही साता समुद्रापलीकडे असतात, आणि विचारायला जवळ असते ती ही म्हातारी मावशी. प्रश्न बहुधा एकच असतो : "मावशी, इथे विम्यातून ज्या तपासण्या होतात तेवढ्या पुरतात का? तिकडे माझ्या बहिणीची दर महिन्याला सोनोग्राफी झाली. इथे दोन-तीनदाच करतात. मग बाहेर पैसे देऊन आणखी करून घ्यावी का?"

प्रथम हे सांगते, की मी परिचारिका आहे, डॉक्टर नाही. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली त्या काळी आम्ही पोटावर लाकडी नळी टेकवून, कान लावून बाळाचे ठोके मोजीत असू. सोनोग्राफीचे यंत्र माझ्यादेखत प्रसूतिगृहात आले, आणि त्याने किती जीव वाचवले तेही मी पाहिले आहे. तेव्हा यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी करायची, आणि ते उत्तर हाती आल्यावर आपण काय करणार, हे आधी ठरवल्यावाचून पैसे मोजू नयेत, एवढेच मला आज उलगडून सांगायचे आहे.

या देशात गर्भवतीची देखभाल मुख्यतः सुईण करते. 'सुईण' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गावची दाई येते, आणि सुना नाराज होतात. येथील सुईण चार वर्षांचे उच्च शिक्षण घेतलेली, परवानाधारक असते. काही वावगे दिसले तरच ती रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. दिवस निश्चित करण्यासाठी दहा-अकरा आठवड्यांच्या सुमारास एक सोनोग्राफी होते. तेराव्या आठवड्याच्या आसपासची दुसरी सोनोग्राफी सप्टेंबर २०२१ पासून एका वैज्ञानिक अभ्यासाचा भाग म्हणून देऊ केली गेली. विसाव्या आठवड्याची म्हणून ओळखली जाणारी मोठी सोनोग्राफी अठरा ते एकवीस आठवड्यांमध्ये होते. ती २००७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तीत मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडे, हातपाय असे एकेक अवयव क्रमाने पाहतात. तिची वेळ ठरवण्यामागे कायदाही आहे. येथे गर्भपाताची मर्यादा चोवीस आठवड्यांची आहे, आणि काही गंभीर आढळले तर पुढील तपासण्या व विचार यांसाठी आईवडिलांना थोडे तरी दिवस मिळावेत, अशी ती योजना आहे.

आता रक्ताच्या तपासणीविषयी, कारण पैशाचा प्रश्न या देशात खऱ्या अर्थाने तिच्यावरूनच उभा राहिला.

या तपासणीला येथे सगळे 'निप्ट' म्हणतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून रक्त घेतात. त्या रक्तात वारेतून सुटलेले जनुकीय द्रव्याचे बारीक तुकडे तरंगत असतात, त्यांवरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज बांधतात. २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असले तर डाऊन, १८ क्रमांकाचे असले तर एडवर्ड्स, आणि १३ क्रमांकाचे असले तर पटाऊ अशी नावे आहेत. २०१४ पूर्वी ही तपासणी नेदरलँड्समध्ये होतच नसे. ज्यांना परवडे त्या स्त्रिया बेल्जियमला जाऊन रक्त देऊन येत. एप्रिल २०१७ पासून ती सर्व गर्भवतींना देऊ करण्यात आली, परंतु १७५ युरो पदरचे द्यावे लागत. सहा वर्षे तसेच चालले. १ एप्रिल २०२३ पासून येथील आरोग्य विमा असलेल्या प्रत्येक गर्भवतीला ती विनामूल्य आहे. त्यामुळे जुन्या मैत्रिणींनी सांगितलेली किंमत मनात धरून बसू नका.

फुकट झाली म्हणून ती केलीच पाहिजे, असे मात्र नाही. आपल्या मुली येथेच चकित होतात. सुईण पहिल्याच भेटीत विचारते, "या तपासण्यांविषयी तुम्हाला ऐकायचे आहे का?" एक सूनबाई मला म्हणाल्या, "मावशी, तिला काही ठाऊकच नाही की काय? मलाच विचारते!" तसे नव्हे. जाणून घेणे हा जसा हक्क आहे, तसाच न जाणणे हाही हक्क येथे मानला जातो, आणि सुईणीने कोणत्याही बाजूला ढकलू नये असा दंडक आहे. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि आपण निमूट जातो; त्या सवयीच्या माणसाला हा प्रश्न परकेपणाचा वाटतो. मला विचाराल तर तो प्रश्न चांगला आहे. घरी नवराबायकोने एका संध्याकाळी शांतपणे बसून, मुंबईचा व्हिडिओ कॉल बंद ठेवून, त्याचा विचार करावा. डाऊन असलेले बाळ आपण वाढवूच, असे ज्यांचे पक्के ठरले आहे, त्यांच्यापैकी काहींना आधी कळले तर मनाची तयारी करता येते. काहींना उरलेले सारे महिने काळजीत घालवायचे नसतात. दोन्ही उत्तरे मी आदरणीय मानते.

या तपासणीचे एक वर्म मात्र समजून घेतलेच पाहिजे. ती अंदाज देते, निदान देत नाही. २०१७ नंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे ७३ हजार गर्भवतींच्या रक्ताचा अभ्यास झाला. डाऊनची शक्यता आहे असा निकाल ज्यांना मिळाला, त्यांतील शंभरात ९६ जणींच्या बाबतीत तो खरा निघाला. पटाऊच्या बाबतीत मात्र शंभरात ५३. म्हणजे पटाऊचा वाईट निकाल मिळालेल्या जवळजवळ निम्म्या आयांच्या पोटात तो दोष नव्हताच. वारेतील पेशी आणि बाळाच्या पेशी नेहमी सारख्याच नसतात, हे त्याचे एक कारण. म्हणून वाईट निकालानंतर वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून खात्री करून घ्यावी लागते, आणि त्या क्रियेमुळे हजारात सुमारे दोघींचा गर्भ जाण्याचा धोका असतो. या पुढच्या तपासणीचा खर्च विमा देतो, पण वर्षाला ३८५ युरोंपर्यंतचा जो आपला स्वतःचा वाटा असतो, ज्याला येथे 'आयखन रिझिको' म्हणतात, तो आधी कापला जातो. सुईणीची देखभाल आणि कार्यक्रमातील सोनोग्राफी यांना तो लागत नाही.

परदेशी प्रयोगशाळा याच रक्तातून आणखी कितीतरी गोष्टी सांगू म्हणतात, बाळ मुलगा की मुलगी हेही सांगतात, आणि त्यासाठी काही शे युरो घेतात. येथील निप्टमध्ये लिंग पाहतच नाहीत. दुर्मिळ दोष जितका अधिक दुर्मिळ, तितका खोट्या घंटेचा संभव अधिक, हे पटाऊच्या आकड्यावरून तुमच्या ध्यानात आले असेल. शिवाय तो कागद हातात पडल्यावर समजावून सांगायला कोण बसणार? परगावच्या प्रयोगशाळेचा ई-मेल शुक्रवारी संध्याकाळी येतो, आणि सुईणीचे कार्यालय सोमवारी उघडते. मधले दोन दिवस त्या मुलीने कसे काढायचे, याची किंमत जाहिरातीत छापलेली नसते.

आता सोनोग्राफीच्या दुकानांकडे वळते. 'दुकान' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. येथे त्या प्रकाराला 'प्रेट-एको' असे नाव आहे. 'प्रेट' म्हणजे मौज आणि 'एको' म्हणजे सोनोग्राफी. मंद दिवे, गुबगुबीत कोच, भिंतीवर मोठा पडदा, आजीआजोबांना बसायला खुर्च्या, शेवटी चित्रफीत आणि छायाचित्रे. बाळ अंगठा चोखताना दिसते, जांभई देताना दिसते. कुणाचेही मन विरघळेल. त्या आनंदावर मी पाणी ओतणार नाही. आपली माणसे लग्नाच्या चित्रीकरणावर याहून कितीतरी अधिक खर्च करतात.

चूक होते ती त्या आनंदाला तपासणी समजण्यात. तेथे चेहरा पाहतात, अवयव क्रमाने तपासत नाहीत. बाळ गोंडस दिसले म्हणजे हृदयाचे कप्पे ठीक आहेत, असे मुळीच सिद्ध होत नाही. एका मुलीची हकिगत सांगते, नावगाव बाजूला ठेवून. चौतिसावा आठवडा होता. आदल्या संध्याकाळी अशाच एका ठिकाणी सहकुटुंब जाऊन बाळाची चित्रफीत घेतली होती. दुसऱ्या दिवशी बाळाचे हलणे कमी झाले. तिने सुईणीला फोन केला नाही, कारण "कालच तर पाहिले, मजेत होते." अख्खा दिवस गेला. रात्री नवऱ्याने हट्टाने फोन लावला, आणि पहाटेच्या आत शस्त्रक्रिया करून बाळ काढावे लागले. देवाच्या दयेने मायलेक सुखरूप आहेत. पण कालच्या चित्राला आजच्या हालचालीविषयी काहीच ठाऊक नसते. बाळाचे हलणे नेहमीपेक्षा कमी वाटले तर तत्काळ, मध्यरात्र असली तरी, सुईणीला फोन करावा. चित्रफीत पाहत बसू नये, आणि ठोके ऐकवणारी घरगुती यंत्रे पोटावर फिरवत बसू नये. सुईणीचा तो फोन रात्रीही उचलला जातो, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

तुम्ही एनस्खेडेत राहता म्हणून एक गंमत सांगते. मंगळवारी फान हेकप्लाइनच्या बाजारात सीमेपलीकडचे जर्मन लोक मासळी आणि चीज घ्यायला येतात. त्यांचे ग्रोनाऊ येथून सायकलने जाता येईल इतके जवळ. त्या ग्रोनाऊत २०२१ पासून अशी मौजेची सोनोग्राफी कायद्याने बंद आहे. जर्मन सरकारचे म्हणणे असे, की ध्वनिलहरींत ऊर्जा असते, बाळाला तिचा काही लाभ नसेल तर ती त्याच्यावर सोडू नये, आणि बाळाला तर कुणी विचारलेले नाही. अपाय सिद्ध झाला आहे असे त्यात म्हटलेले नाही. सावधगिरी म्हणून बंदी आहे. सीमेच्या अलीकडे ती बंदी नाही. एकाच ज्ञानावरून दोन शेजारी दोन निर्णय घेतात, यावरून एवढे समजावे की येथे दुकान उघडे आहे म्हणून ते आवश्यक ठरत नाही, आणि तिकडे बंद आहे म्हणून एकदा जाऊन आलेल्या मुलीने घाबरून जाण्याचेही कारण नाही.

"पण शेवटच्या महिन्यांत आणखी एक-दोन करून घेतल्या तर वाईट काय?" असे एका जावईबापूंनी विचारले. विचारायलाच हवे, कारण भारतात त्या सर्रास होतात. सुदैवाने हा प्रश्न याच देशात नीट तपासला गेला आहे. साठ सुईण-केंद्रांतील तेरा हजारांहून अधिक निरोगी गर्भवतींचा 'आयरिस' नावाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही केंद्रांत शेवटच्या तिमाहीत प्रत्येकीच्या दोन जादा सोनोग्राफी केल्या. इतरांत सुईणीने नेहमीप्रमाणे फितीने पोट मोजले आणि शंका आली तरच सोनोग्राफीला पाठवले. जादा सोनोग्राफीने लहान चणीची बाळे अधिक ओळखली गेली, शंभरात १९ ऐवजी ३२. परंतु बाळांवर ओढवणाऱ्या गंभीर संकटांच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडला नाही. ते एकीकडे शंभरात १.७ आणि दुसरीकडे १.८ असे राहिले. निरोगी मुलीने आठव्या महिन्यात त्यासाठी पैसे खर्च करावेत, असे मला म्हणूनच वाटत नाही. रक्तदाब, मधुमेह, आधीचे बाळ कमी वजनाचे, जुळे, अशी कारणे असतील तर प्रश्नच उरत नाही. तिच्या जादा सोनोग्राफी वैद्यकीय कारणाने होतात आणि त्या विम्यातच बसतात. शंका असेल तर बाहेर पैसे भरण्याआधी ती सुईणीला सांगा.

आता थोडा नाजूक विषय. या दुकानांत बहुतेक जोडपी जातात ती मुलगा की मुलगी हे कळावे म्हणून. येथे ते विचारणे गुन्हा नाही. आपल्याकडे डोहाळजेवणात वाटीखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवायची पद्धत आहे. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तो खेळ निष्पाप होता, कारण वाटीला काही ठाऊक नसे. यंत्राला ठाऊक असते. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून लिंग सांगणारे दवाखाने कसे फोफावले, हे मी पाहिले आहे. आज थोडे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती तेव्हा उघड होत असत. पदरचे पैसे देऊन करायच्या तपासणीचा आपल्या भूमीतील पहिला मोठा बाजार तो. त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, १९९६ पासून लागू झालेला. कायदा कागदावरच राहतो म्हणून २००० साली मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पुढे २००३ साली कायदा कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ साली ९१३ झाल्या, आणि २०११ साली ८९४. त्या कायद्यातील एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते : गर्भवतीने तपासणी करून घेतली असेल, तर तिला नवऱ्याने वा नातेवाइकांनी भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते, जोवर उलट सिद्ध होत नाही. कलम लिहिणाऱ्याने आपली घरे जवळून पाहिलेली असावीत.

म्हणून येथे जन्मणाऱ्या बाळाचे लिंग कुणी कौतुकाने विचारले तर मी टोकत नाही. पण फोनवरून सासरची मंडळी चौदाव्या आठवड्यापासून तगादा लावीत असतील, तर त्या मुलीने "आम्ही विचारणार नाही" असे एकदाच स्पष्ट सांगावे, आणि नवऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. आणि बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर तेथील सोनोग्राफीवाल्याला गमतीनेही हा प्रश्न विचारू नका. त्याच्या भिंतीवरची पाटी शोभेची नाही. सांगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इतका वेळ पैसे कोठे घालू नयेत हे सांगितले. कोठे घालावेत, तेही सांगते. मराठी घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निप्टमध्ये दिसत नाही आणि कोणत्याही प्रेट-एकोत दिसणार नाही. ती म्हणजे थॅलेसेमिया आणि सिकलसेल. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, गडचिरोलीत, तसेच नंदुरबारकडे सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. सिंधी, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. वाहक स्वतः धडधाकट असतो, फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी. पण आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याचा संभव चारात एक असतो. डच डॉक्टरांच्या मनात तुमचा जिल्हा आणि तुमची जात येत नाही; आपणच सांगावे लागते. घरच्या डॉक्टरांकडे जाऊन दोघांच्या साध्या रक्ततपासणीची मागणी करा, शक्यतो दिवस राहण्यापूर्वीच. दोघेही वाहक निघाले तर जनुकतज्ज्ञाकडे पाठवतात. येथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन सिकलसेल पाहतात खरे, पण ते जन्मानंतर.

आपल्या बेने इस्राएल समाजाला उद्देशूनही हेच सांगते. आपण थोडे आहोत, कोकणातल्या मोजक्या गावांची नावे आडनावात घेऊन फिरतो, आणि चुलत-मावस नात्यात लग्ने आपल्याकडे होत आली. नात्यात लग्न झाले म्हणजे आजार होतोच असे मुळीच नाही; पण घराण्यात एखादे मूल लहानपणीच गेले, कुणाला न चालता येण्याचा वा न ऐकू येण्याचा दोष होता, हे दडवून ठेवू नये. आजीला विचारून ते वहीत लिहून घ्यावे आणि ती वही जनुकतज्ज्ञापुढे ठेवावी. तो ३८५ युरोंचा वाटा तेथे गेला तर तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

नव्याने आलेल्या मुलींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. येथे राहायला आल्यापासून चार महिन्यांच्या आत विमा घ्यावाच लागतो, आणि वेळेत घेतला तर तो मागील तारखेपासून लागू होतो. म्हणून विम्याचा कागद आला नाही या भीतीने तपासण्या पुढे ढकलू नका; केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा.

भाषणानंतर एका आजीबाईंनी विचारले, "नातवाची ती चित्रफीत मी भेट म्हणून देऊ का?" जरूर द्या. मात्र विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी आधी होऊ द्या, आणि सुनेची इच्छा आहे का, तेही तिला एकटीला गाठून विचारा. बाळ जन्मण्यापूर्वी पाळणा-कपडे घरात आणू नयेत असे आपले कित्येक जण मानतात. तिच्या मनात तसे असेल तर हा विषयच काढू नका. जाणार असाल तर छायाचित्रकाराकडे गेल्यासारखे जा. तेथील बाईंना "सगळे ठीक आहे ना?" असे विचारू नका, कारण त्या "हो" म्हणतील. तो प्रश्न सुईणीसाठी राखून ठेवा.